मणभर मंगल

साताऱ्या-सांगलीकडे लोक किल्ले बघायला जातात, कृष्णेचे घाट बघायला जातात, फार तर कुणाच्या लग्नाला जातात. मी गेले लठ्ठ मुलं बघायला. हे असं स्पष्ट सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघतो आणि मग हसू दाबतो. दाबू नये. मी लहानपणापासून जाड आहे. दादरच्या शाळेत मला ढब्बू मिरची म्हणत, आणि पुढे वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवायला लागल्यावरही मागच्या बाकावरची पोरं काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

मुंबईत जाड मुलं मिळत नाहीत असं नाही. पण ती शहरातल्या खाण्यानं जाड झालेली. ऊसपट्ट्यात, दूध-गुळावर वाढलेली मुलं मला तपासायची होती. बहात्तरच्या मोठ्या दुष्काळाला दोन-तीन वर्षं उलटून गेली होती आणि माझा वर्गमित्र मगदूम तासगावात डॉक्टरकी करत होता. त्यानं पत्र पाठवलं, "ये. द्राक्षं पण आहेत." म्हणून निघाले. परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, प्रवास कसा झाला. त्याचं उत्तर तोंडी देणं मला जमलं नाही, म्हणून लिहिते आहे.

सातारा

सामानात वजनकाटा, काचेच्या नळ्या, ग्लुकोजची पाकिटं आणि बर्फासाठी एक मोठा थर्मास. पुण्याहून साताऱ्याला येणाऱ्या एस.टी.त कंडक्टरनं तो थर्मास बघून विचारलं, "बाई, कुल्फी हाय व्हय?" मी म्हटलं, पोरांचं रक्त ठेवायला आहे. पुढचे दोन तास माझ्या शेजारच्या सीटवर कुणी बसलं नाही. जाड बाईला एवढी ऐसपैस जागा एस.टी.त कधी मिळत नाही, त्यामुळे मी खूश होते.

साताऱ्यात मुक्काम माझ्या एका विद्यार्थिनीच्या माहेरी होता. जेवणात खर्डा, बाजरीची भाकरी, आणि हात धुवायच्या आत कंदी पेढ्यांचा पुडा समोर. नको म्हटलं तर विद्यार्थिनीची आई म्हणाली, "आवं घ्या वो. तुमी तर चांगल्या खात्यापित्या घरच्या दिसताय." मुंबईत माझ्या अंगाकडे बघून लोक मला शहाणपण शिकवतात, इथं घराण्याची परीक्षा करून पास करत होते. मला बरं वाटलं हे कबूल करते. पेढे चार खाल्ले.

दुसऱ्या दिवशी तिथल्या एका शाळेत मुलं बघितली. जाड म्हणावी अशी फारशी नव्हतीच. बहुतेकांच्या गुडघ्यांच्या वाट्या दिसत होत्या. माण-खटावकडून दुष्काळात आलेली आणि इथंच राहिलेली काही मुलं होती, त्यांच्याकडे मी फार वेळ बघू शकले नाही. मास्तर म्हणाले, "लठ्ठ पोरं पायजेत तर खाली उसात जावा." तशी गेले.

उंब्रज

उंब्रजला गाडी बदलायची होती. हमरस्त्यावरचं मोठं गाव, बाजाराचा दिवस, उसाच्या गाड्या, पिंपळाखाली चहाची टपरी. चहात साखर एवढी की चमचा उभा राहावा. मी कमी साखरेचा मागितला तर टपरीवाल्याच्या चेहऱ्यावर काळजी उमटली. "काय दुखनं हाय का बाई?" या भागात साखर नको म्हणणारा माणूस एक तर आजारी असतो नाही तर रुसलेला. मी दोन्ही नव्हते, त्यामुळे मुकाट्यानं तोच चहा प्याले.

इथं सगळीकडे गोडाचा मान आहे. आमच्याकडे पाहुण्याला पाणी विचारतात. इथं दारात तांब्याबरोबर गुळाचा खडा येतो. रानात गुऱ्हाळ चालू असेल तर वाटसरूला रस पाजल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. "जेवढा गूळ तेवढं गोड" ही म्हण आम्ही बोलण्यापुरती वापरतो, ही माणसं तिच्याप्रमाणे वागतात.

तासगाव

मगदूमचं घर जैन. सूर्य मावळायच्या आत जेवण, कांदा-बटाटा नाही, आणि माझ्यासारखी रात्री नऊला जेवणारी बाई साडेसहाला ताटावरून उठून आता करायचं काय म्हणून अंगणात फेऱ्या मारत होती. मगदूमच्या बायकोनं भिजवलेल्या मटकीची उसळ आणि ताकातली कढी केली होती. चव अजून जिभेवर आहे. वर टोपलीभर द्राक्षं. शेजारच्या मळ्यात कुणी बेदाणे करून बघत होतं, वाऱ्याबरोबर त्याचा आंबूस वास येई.

त्या अंगणात मी मगदूमला माझं काम समजावून सांगितलं. तेच वाचकांनाही सांगते, दोन मिनिटं सोसा. आपण गोड खाल्लं की रक्तात साखर चढते आणि ती आवरायला स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटतं, हे शाळेत शिकवतात. पण गंमत पुढे आहे. तीच साखर तेवढीच सुईनं शिरेत सोडली तर इन्सुलिन थोडं सुटतं, आणि तोंडानं पाजली तर पुष्कळ जास्त. याचा अर्थ मधे कुणीतरी वर्दी देतं. ते आतडं. घास आतड्यात पोचला की तिथून एक द्रव्य रक्तात उतरतं आणि स्वादुपिंडाला सांगतं, तयार राहा, साखर येते आहे. परदेशात अशा एका द्रव्याचा छडा नुकता लागला आहे. लठ्ठ मुलांमध्ये इन्सुलिन एवढं भरमसाट का सुटतं, ती वर्दीच जास्त जोरात जाते का, हे मला बघायचं होतं. त्यासाठी मुलांना उपाशीपोटी ग्लुकोज पाजायचं, थोड्या थोड्या वेळानं रक्त घ्यायचं, बर्फात घालून मुंबईला न्यायचं.

मगदूमनं आसपासच्या शाळांना कळवून ठेवलं होतं की अंगानं भरलेली मुलं तपासणीला पाठवावीत. कडेगावच्या अलीकडच्या एका गावातल्या गुरुजींनी उत्साहाच्या भरात दवंडी पिटवली, "मुंबईच्या डाक्टरीनबाई आल्यात हो, लठ्ठ पोरास्नी बारीक करनार हो!" झालं. तासगावातली व्यापाऱ्यांची मुलं आली, पण त्या गावातून एकही पोर येईना. लोकांनी गुटगुटीत पोरं लपवून ठेवली. दुष्काळात हाडं बघितलेल्या आयांना पोरगं बारीक करणारी बाई म्हणजे चेटकीणच वाटली असणार. मगदूम पोट धरून हसला. मीही हसले.

त्या गावातून आले ते फक्त एक निवृत्त सुभेदार. सत्तरीचे, ताठ, कोटाच्या खिशाला फौजेतली पदकं. सैन्यात सिग्नल्समध्ये होते, मुलगाही फौजेत, सरहद्दीवर. बरोबर सून हौसा आणि नात मंगल. मंगल दहा वर्षांची, गोल चेहरा, दंडाला वळ्या, दोन घट्ट वेण्या, आणि डोळे मात्र थकलेले. ती आत आली ती थेट माठाकडे गेली.

सुभेदारांनी सरळ मुद्द्याला हात घातला. "बाई, बारीकबिरीक करायचं न्हाई. चार दिसांवर नाथाची जत्रा हाय. पोरीचं वजान उतरतंय. का, तेवढं सांगा."

मग त्यांनी सांगितलं ते असं. मंगलच्या आधीची दोन भावंडं गेली, एक गोवरानं, एक हगवणीनं. ही जन्मली तेव्हा सुभेदारांनी गावच्या नाथाला नवस केला की ही जगली तर दर साली जत्रेला हिची गूळतुला करीन. तेव्हापासून दर वर्षी देवळापुढे मोठी तागडी बांधतात. गेल्या सालच्या वजनाएवढा गूळ आधी एका पारड्यात ठेवायचा, दुसऱ्यात मंगलला बसवायचं. ती वाढलेली असते, तिचं पारडं खाली जातं. मग हलगी वाजते आणि काटा जुळेपर्यंत एकेक ढेप वर चढवतात. तो गूळ गावाला प्रसाद.

"गेल्या साली मनभर भरली," सुभेदार म्हणाले. "जुना मन, चाळीस शेराचा. आख्ख्या गावात येवढं पोर न्हाई."

मी तिला काट्यावर उभं केलं. तेहतीस किलो. जुना मण सदतीसच्या पुढे भरतो.

"तरी लय खाती वो बाई," हौसा पहिल्यांदा बोलली. "दूध-गूळ, काकवी, तूप. मी हातचं राखत न्हाई. लय पानी पिती, रातीला धा बारी उठती. आन न्हानीत मुंग्या येवड्या झाल्यात, पावडर टाकली तरी हटंनात."

मगदूमनं आणि मी एकमेकांकडे बघितलं. लघवीत साखर उतरली की तिच्यावर मुंग्या येतात, पुढचं ऐकायची गरज नव्हती.

मी मघाशीच ग्लुकोजचा पेला करून ठेवला होता. वर लिंबू पिळलेलं. मी वळून बघते तो मंगलनं दोन्ही हातांनी पेला उचलून ओठाला लावलेला. मी झडप घालून तो काढून घेतला. थोडं तिच्या फ्रॉकवर सांडलं. पोरगी रडली नाही, नुसती रिकाम्या हातांकडे बघत राहिली. हौसा मात्र माझ्याकडे बघत होती. तहानलेल्या लेकराच्या तोंडातून पेला काढणारी बाई तिनं त्या दिवशी बघितली, आणि ते ती विसरली नाही.

मगदूमनं स्पिरिटच्या दिव्यावर लघवीची नळी तापवली. साखर ओळखायचं निळं औषध हिरवं झालं, पिवळं झालं, आणि बघता बघता विटेसारखं लाल. रक्तही घेतलं. त्याचंही उत्तर तेच आलं, मधुमेह.

मी सुभेदारांना सगळं सांगितलं, आतड्याच्या वर्दीसकट. का कोण जाणे, पण त्या माणसाला अर्धवट सांगावंसं वाटेना. ते मधेच म्हणाले, "म्हंजी पुढची चौकी वायरलेस करती, दुश्मन आला, कुमक काढा."

"तसंच."

"आन हेडक्वाटरच उडालं आसंल तर?"

"तर वर्दी जाते, पण कुमक निघत नाही. मंगलचं तसं झालंय. कितीही खाल्लं तरी ते अंगी लागत नाही, लघवीतून निघून जातं. म्हणून वजन उतरतंय. रोज इन्सुलिनची सुई द्यावी लागेल. आत्ताच्या आत्ता सांगलीला दवाखान्यात ठेवायला हवं."

सुभेदारांनी मंगलच्या फ्रॉकवर सांडलेलं रुमालानं पुसलं. मग म्हणाले, "आज हिला सांगलीला न्हेली, तर चार दिसांनी मी नाथाला काय सांगू? दोन गेली, ही त्यानं दिली. त्याचाच शबूद मोडून हिला जगवू कशी? सुई रोज द्या, घरी येऊन द्या, मी आडवा येत न्हाई. जत्रा झाली की त्याच गाडीतनं सांगलीला. हा फौजी शबूद."

मला संताप आला. मी खूप बोलले. मगदूमनं मला बाहेर नेलं आणि म्हणाला, "कमल, ओढून नेलीस तर रस्त्यातून उतरवून नेतील, मग सुईही जाईल. श्वासाला अजून फळांचा वास नाही, म्हणजे रक्तात विष चढलेलं नाही. रोज दिली तर चार दिवस निघतील." त्याचं गणित बरोबर होतं. पहिली सुई तिथंच दिली. मंगलनं हूं की चूं केलं नाही. तिला विचारलं काय हवं, तर म्हणाली, "पानी."

कडेगावच्या अलीकडे

गावाचं नाव लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी मगदूमच्या खटारा जीपमधून आम्ही सुई घेऊन निघालो. दोन्ही बाजूंना ऊस, तोडणी चालू, वाऱ्यावर गुऱ्हाळाच्या धुराचा गोड वास. एरवी मी अशा वासावर जीव टाकते. त्या दिवशी नाकाला पदर लावला.

सुभेदारांचं घर रस्त्यालगत, माळवदाचं, नीटनेटकं. सोप्यात जत्रेचा गूळ गोणपाटावर रचून ठेवलेला. मोठ्या ढेपा खाली, लहान वर. सुभेदार देवळाकडे मांडवाच्या कामाला गेलेले. हौसानं आम्हाला बसवलं, गूळ-पाणी दिलं. मंगल कुठं, विचारलं तर म्हणाली, "मामाच्या मळ्याव गेलीया."

"आज सुई द्यायची आहे, हौसाबाई."

"उद्या द्या."

"मळा कुठंय, आम्ही जातो."

"वड्याच्या पल्याड. गाडी जात न्हाई."

आम्ही चालत गेलो. मी धापा टाकत, मगदूम पुढे. मळ्यावर कुणी नव्हतं. परत आलो तर घराला कडी. तिसऱ्या दिवशीही तेच झालं आणि चौथ्याही. फक्त चौथ्या दिवशी न्हाणीच्या आडोशाआड मला दोन घट्ट वेण्या दिसल्या आणि हौसा मधे आली. मी आवाज चढवला. ती चढवेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बाई, तुमी वजान उतरवायला आलाय. दवंडी आमी ऐकलीया. आधीच पोर मनाखाली गेलीया, त्यात तुमची सुई. जत्रेला ती कमी भरली तर नाथ काय म्हनंल? माझी दोन नेली त्यानं. तुमास्नी लेकरू हाय का?"

"नाही," मी म्हटलं. "पण हौसाबाई, ही सुई बारीक करायची नव्हे. उलट हिनंच अंग भरेल. सुई नसली तर पोर आणखी उतरेल. आणि गूळ-दूध थांबवा, ते तिला विष आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. लठ्ठ पोरांना बारीक करायला आलेली बाई सांगते की सुईनं अंग भरतं, आणि दूध-गूळ विष आहे म्हणते. तिच्या जागी मी असते तर माझ्यावर विश्वास ठेवला असता का, कोण जाणे. आम्ही सुभेदारांना शोधत देवळाशी गेलो तर ते नाथाची पालखी आणायला शेजारच्या गावी गेलेले. निरोप ठेवला. निरोप त्यांना पोचला, पण सुनेनं सांगितलं की सुई तिन्ही दिवस झाली. फौजी माणूस घरच्या माणसाची झडती घेत नाही.

जत्रा

जत्रेच्या दिवशी आम्ही उजाडताच पोचलो. औषध बरोबर होतं, जीपच्या मागच्या बाकावर गादी टाकली होती. देवळापुढे गर्दी, हलगी, गुलाल, रेवड्यांच्या पाट्या, पाळणे. तीन वाशांच्या तिकाटण्याला टांगलेली मोठी तागडी. दोरखंडाला झेंडूच्या माळा. एका पारड्यात गेल्या सालच्या वजनाचा गूळ लागलेला होता, मणभर.

मंगलला हिरवं परकर-पोलकं नेसवून आणलं. चुलत्याच्या कडेवर होती. गाल आत गेलेले, ओठ कोरडे. मी जवळ गेले तर तिच्या श्वासाला सडायला लागलेल्या फळांचा वास. मगदूमनं तिची नाडी धरली आणि सुभेदारांना ओरडून म्हणाला, "सुभेदार, हे थांबवा. आत्ता निघायचं."

"येक मिनिट," सुभेदार म्हणाले. "बसव रं तिला."

तिला पारड्यात बसवलं. पारडं खाली गेलं नाही. गुळाचं पारडं जमिनीला टेकलेलं आणि मंगल वर, दोऱ्या धरून, लोंबकळत. हलगीवाल्याचे हात थांबले.

हौसा गर्दीतून पुढे आली. तिच्या हातात पाण्यानं भरलेली तांब्याची कळशी होती. तिनं ती मंगलच्या मांडीवर ठेवली. "धर गं माझे बाय, घट्ट धर." पारडं थोडं खाली आलं. तेवढ्यानं जुळत नव्हतं. मंगलनं खाली कळशीत बघितलं. मग दोन्ही हातांनी काठ धरला, तोंड लावलं आणि घटाघटा पाणी पिऊ लागली. हिरव्या पोलक्यावर पाणी ओघळत होतं. कुणी हसलं नाही.

सुभेदार पुढे झाले आणि त्यांनी कळशी काढून घेतली. "न्हाई. नाथाला फसवायचं न्हाई."

"मामंजी—"

"सुई झाली व्हती का न्हाई?"

हौसा खाली बसली. तेवढ्यात मंगल ओकली, सगळं पाणी, आणि तागडीतच कलंडली. श्वास खोल, भात्यासारखा. मगदूमनं तिला उचललं तेव्हा तिचं पारडं रिकामं हेलकावत राहिलं. ती तुला पुरी झाली नाही.

सांगली

रस्ता कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्यांनी भरलेला. मगदूम हॉर्नवर हात ठेवून होता, सुभेदार खाली उतरून बैलांना बाजूला सारत धावत होते, सत्तरीचा माणूस. मी मागे गादीवर मंगलचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. हौसा तिचे पाय चोळत होती. सुई आम्ही जत्रेतच दिली होती, पण उशीर झाला होता, आणि हे मला त्या श्वासांवरूनच कळत होतं. मांडी मोठी असण्याचा एक फायदा, पोरीचं डोकं हललं नाही.

सांगलीच्या दवाखान्यात त्यांनी जे करता येतं ते सगळं केलं. सलाईन, इन्सुलिन, पुन्हा सलाईन. डॉक्टर जागेवरून उठले नाहीत. मंगल एकदा डोळे उघडून "आबा, भरली का?" असं म्हणाली. सुभेदार म्हणाले, "भरली, भरली." ज्या माणसानं देवापुढची कळशी काढून घेतली त्याला मी तेवढं एक खोटं बोलताना ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

माझ्या थर्मासमधला बर्फ कधीच वितळला होता. तासगावात जमवलेल्या मुलांचं रक्त खराब झालं. कुणी आठवण केली नाही, मीही नाही.

परत गावात

मुंबईला निघायच्या आधी मी मगदूमबरोबर भेटायला गेले. दुखवट्याच्या घरात चहा नाही, गूळ-पाणी नाही. सोप्यात पुरुष, आत बायका. मी आत जाऊन हौसाजवळ बसले. ती उठून गेली नाही. मला तिचा राग येत नव्हता. येईल असं वाटलं होतं. गुरुजींचा आला, त्या दवंडीचा आला, चार दिवस मागणाऱ्या सुभेदारांचा आला, आणि ते चार दिवस देणाऱ्या आम्हा दोघांचाही. तिनं लेकराला जे चांगलं म्हणून ठाऊक होतं ते सगळं हातचं न राखता दिलं, आणि वाईट म्हणून जे वाटलं त्यापासून लपवलं. दुसरी कुठली आई वेगळं करते?

सुभेदार दारात आले. कोट नव्हता, पदकं नव्हती. म्हणाले, "बाई, तासगावात तुमी पोरीचं वजान केलं व्हतं. किती भरली?"

मगदूमनं माझ्याकडे बघितलं. खोटं सांगणं सोपं होतं. पण या माणसाला खोटं वजन सांगायचं धाडस मला झालं नाही.

"तेहतीस किलो," मी म्हटलं.

"बरं." त्यांनी सोप्यातल्या गुळाकडे बघितलं. "तुला ऱ्हायलीया. सुतक फिटलं की गूळ देवळात पोचवीन. माप तुमी हाय तंवर काढून ठिवतो. तिच्या वजनाचाच जाया पायजे. जास्ती न्हाई, कमी न्हाई."

सोप्यात घरची तागडी लावली. एका बाजूला लोखंडी मापं, दुसरीकडे जत्रेतून परत आणलेला गूळ. सुभेदार स्वतःच्या हातानं ढेपा लावत होते. शेवटच्या लहान ढेपेपाशी थांबले. काटा जुळला होता. ती ढेप जास्त झाली. चारेक किलोची असेल, पिवळीजर्द, गोणपाटाची नक्षी उमटलेली. गेल्या सालची मंगल जेवढ्यानं जड होती, तेवढ्याच वजनाची ती वरची ढेप.

त्यांनी ती बाजूला जमिनीवर ठेवली. मग ते बघत राहिले आणि आम्हीही. देवाला ती जाणार नव्हती, कारण ती मंगलची नव्हती. घरात घेऊन खायची कुणाला हिंमत नव्हती. चुलत्यानं सुभेदारांना विचारलं, "हिचं काय करायचं, तात्या?"

हौसा आतून बाहेर आली. पुरुषांच्या सोप्यात ती अशी येत नसे. तिनं वाकून ती ढेप दोन्ही हातांनी उचलली, भिंतीला टेकून बसली, आणि ढेप मांडीवर घेऊन तिच्यावर पदर पांघरला.

आम्ही उठलो. दुखवट्याच्या घरातून निघताना येते म्हणायचं नसतं. मी म्हटलं नाही.